'खुर्च्याच तर बसवायच्या होत्या': एरॉसवरच्या प्रतिक्रियेला उत्तर

मुंबईच्या चर्चगेटजवळच्या एरॉस चित्रपटगृहावरच्या माझ्या लेखाखाली 'चर्चगेटकर' या नावाने एक प्रतिक्रिया आली आहे. तिला तिथेच दोन ओळींत उत्तर देऊन मोकळं होता आलं असतं. पण तिच्याखाली बऱ्याच जणांनी 'अगदी मनातलं बोललात' म्हणून माना डोलावल्या आहेत, त्यामुळे आता सविस्तरच लिहितो.

मूळ लेख ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी: १९३८ सालचं एरॉस फेब्रुवारी २०२४ मध्ये सुमारे ३०० खुर्च्यांचं, एकाच आयमॅक्स पडद्याचं थिएटर म्हणून पुन्हा उघडलं. हे चांगलं झालं आणि आतल्या सभागृहाचं याहून फार वेगळं काही करता आलं नसतं, एवढंच मी म्हटलं होतं. त्यावर चर्चगेटकर लिहितात:

"लेख वाचून करमणूक झाली. १२०० खुर्च्यांचं थिएटर ३०० वर आणायचं आणि त्याला पुनरुज्जीवन म्हणायचं, हे बिल्डरांच्या भाटांनाच सुचू शकतं. अवघड काय होतं? खुर्च्याच तर बसवायच्या होत्या. ऑपेरा हाऊस जसंच्या तसं उभं राहिलं, मग एरॉस का नाही? उरलेल्या इमारतीत दुकानं आली, तिकीट मध्यमवर्गाच्या हाताबाहेर गेलं, आणि ज्या कामगारांच्या थकबाकीपायी थिएटरला सील लागलं त्यांचा लेखात उल्लेखही नाही. एरॉसच्या स्टॉलमध्ये बसून ज्यांनी कधी सिनेमा पाहिला नाही त्यांनी यावर लिहू नये."

आधी करमणुकीचं. करमणूक कर २०१७ मध्ये जीएसटीत विरघळला आणि ब्लॉगवर जीएसटी लागत नाही, तेव्हा तुम्हाला ती पूर्णपणे फुकट पडली आहे. तक्रारीला जागा नाही.

मग भाटगिरीचं. मतभेद असावेत, जरूर असावेत. पण समोरचा आपल्यासारखं बोलत नाही म्हणजे तो कोणाचं तरी मीठ खाऊन बोलतोय, हे गृहीत धरायची जी सवय लागली आहे तिचा मला मनस्वी कंटाळा आला आहे. त्यातून हे टोपणनावाच्या आडून. एका रांगेचं माप नाही, एका दाराची रुंदी नाही, आणि निकाल मात्र देऊन मोकळे. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. माझी उमेदीची वर्षं अशाच थिएटरांच्या प्रोजेक्शन रूममध्ये आणि फॉल्स सिलिंगच्या वर, पारव्यांच्या विष्ठेत आणि काजळीत, टेप धरून गेली आहेत. लिहायचा अधिकार कुठून येतो ते तुम्ही मला शिकवू नये, ही नम्र विनंती.

एक गोष्ट मान्य: आयमॅक्सचं शनिवार संध्याकाळचं तिकीट चौघांच्या घराला जड जातं. लेखात ते यायला हवं होतं. पुढे जाऊ.

'खुर्च्याच तर बसवायच्या होत्या.' तुमच्या प्रतिक्रियेतलं तपासता येईल असं हे एकच वाक्य आहे, म्हणून ते तपासतो. खाली जी मापं देतो ती एरॉसच्या नकाशावरची नव्हेत. १२०० आसनांच्या, बाल्कनी असलेल्या कोणत्याही जुन्या सिंगल स्क्रीनला लागू पडतील अशी आहेत. पेन्सिल घेऊन बसा.

जुन्या थिएटरात खुर्चीची रुंदी साधारण ५१ सेंटिमीटर आणि एका रांगेच्या पाठीपासून पुढच्या रांगेच्या पाठीपर्यंतचं अंतर ८६ सेंटिमीटरच्या आसपास असे. म्हणजे माणशी ०.४४ चौरस मीटर. मधून कोणी जायला निघालं की अख्खी रांग उभी राहायची, ती यामुळे. आज साध्या, न झुकणाऱ्या खुर्चीलाही ५८ सेंटिमीटर रुंदी आणि ११५ सेंटिमीटर अंतर धरतात; माणशी ०.६७ चौरस मीटर. तीच जमीन, गँगवे (खुर्च्यांमधल्या वाटा) तेवढेच, भिंत जागची हलवलेली नाही, तरी १२०० च्या झाल्या ७९०. चारशे खुर्च्या इथेच गेल्या आणि बिल्डर अजून दारातही आलेला नाही.

आता पडदा. समोरच्या रांगेतल्या माणसाला पडद्याची वरची कड बघायला मान किती वर करावी लागावी याचा एक ठोकताळा आहे: ३५ अंश, त्याहून जास्त नको. जुना सिनेमास्कोप पडदा १२ मीटर रुंद, ५ मीटर उंच, खालची कड जमिनीपासून दीड मीटरवर, असा धरा. बसलेल्या माणसाचा डोळा १.१५ मीटरवर. वरची कड डोळ्यापेक्षा ५.३५ मीटर उंच. ३५ अंशाच्या हिशेबाने पहिली रांग पडद्यापासून साडेसात मीटरवर येते. आता आयमॅक्सचा पडदा घ्या. हल्लीच्या बहुतेक आयमॅक्सची चौकट रुंदीला १.९०, तर उंचीला १ अशी असते. पडदा १८ मीटर रुंद म्हटला की उंची साडेनऊ मीटर. खालची कड मीटरभरावर आणली तरी वरची कड डोळ्याच्या ९.३५ मीटर वर जाते आणि पहिली रांग सरकते १३.४ मीटरवर. जवळपास सहा मीटरांची पट्टी गेली. जुन्या अंतराने मोजल्या तर सहा ते सात रांगा, तीसतीस खुर्च्यांच्या. आयमॅक्सवाले हा नियम वाकवून प्रेक्षकाला जवळ बसवतात हे मला ठाऊक आहे. पण त्यासाठी मागची प्रत्येक रांग ४० ते ४५ सेंटिमीटर उचलावी लागते. चौदा रांगा म्हणजे सहा मीटरांवर चढ. जुन्या सभागृहात सहा मीटर वर काय असतं? बाल्कनी.

बाल्कनीबद्दल हळवं होणाऱ्यांनी तिच्याखालच्या शेवटच्या पाच-सहा रांगांत बसून पाहावं. बाल्कनीची खालची कड पडद्याचा वरचा भाग खाते. जुना पडदा पाच मीटरांचा होता म्हणून निभावलं. साडेनऊ मीटरांच्या पडद्याचा वरचा तिसरा हिस्सा त्या रांगांना दिसणारच नाही. वरच्या भिंतीवरच्या सराउंड स्पीकरचा आवाजही तिथे पोचत नाही. त्या खोबणीत वेगळे छोटे स्पीकर लावून त्यांना वेगळा डिले द्यावा लागतो, म्हणजे आवाज क्षणभर उशिरा सोडावा लागतो, आणि तरीही तिथला आवाज डब्यातून आल्यासारखाच राहतो.

प्रोजेक्शन रूमही बाल्कनीच्या मागे, वर. झरोका पडद्याच्या मध्यापेक्षा सहा मीटर उंच आणि पडदा तिथून ३५ मीटर दूर असेल तर प्रकाश जवळजवळ १० अंशांनी खाली उतरतो. चौकोनाची खालची बाजू फाकते. ३५ मिलिमीटरच्या काळात ऑपरेटर प्रोजेक्टरच्या गेटमधली, चित्राची कड ठरवणारी अपर्चर प्लेट कानशीने थोडी थोडी घासून पडद्यावरची कड सरळ करत. प्लेट काढायची, दोन-चार घासे मारायचे, बसवायची, पडद्यावर बघायचं, परत काढायची. जास्त घासली गेली की नवी प्लेट. डिजिटल प्रोजेक्टरला कानस चालत नाही. चित्र सॉफ्टवेअरने ताणलं तर पिक्सेल वाया जातात आणि सरळ रेषांना दाते पडतात, म्हणून जाणता माणूस लेन्स उभी सरकवून जमेल तेवढं जमवतो. बाकीचं मास्किंगखाली, म्हणजे पडद्याच्या कडेच्या काळ्या कापडाखाली, लपवतो. याहून जास्त हवं असेल तर प्रोजेक्शन रूम खाली आणा. म्हणजे पुन्हा बाल्कनी तोडा.

प्रकाशाचंही गणित मांडतो, कारण 'नवीन प्रोजेक्टर बसवला की झालं' असं खाली आणखी एकाने लिहिलं आहे. साध्या चित्रपटासाठी पडद्याच्या मध्यावर १४ फूट-लॅम्बर्ट उजेड, म्हणजे चौरस मीटरला ४८ कँडेला, हे प्रमाण आहे. १२ बाय ५ च्या साध्या पांढऱ्या पडद्याला त्यासाठी प्रोजेक्टरकडून नऊ हजारांच्या पुढे ल्यूमेन प्रकाश लागतो. १८ बाय ९.५ च्या पडद्याला पावणेसव्वीस हजार. झरोक्याची काच साधी असेल तर दोन्ही पृष्ठभागांवर मिळून आठेक टक्के परतवते. पडद्याला आवाजासाठी भोकं असतात, त्यातून आणखी काही निसटतो. झेनॉनचा दिवा असेल तर तो जुना होईल तसा मंदावत जातो. प्रोजेक्टर थोडा जास्तीच्या ताकदीचा घेतला नाही तर सहा महिन्यांत रात्रीचे प्रसंग चिखलासारखे दिसू लागतात आणि प्रेक्षक शिव्या छायालेखकाला देतो.

आवाजावर थोडा जास्त वेळ घेतो, कारण 'बाराशे खुर्च्या हव्यातच' म्हणणाऱ्यांचं घोडं नेमकं इथे पेंड खातं. १२०० आसनांच्या सभागृहाचं घनफळ आसनामागे ५ घनमीटर धरलं तरी ६,००० घनमीटर होतं. आवाज विरायला लागणारा वेळ म्हणजे ०.१६१ गुणिले घनफळ, भागिले एकूण शोषण. गुळगुळीत प्लास्टर, लादी आणि रेक्झिनच्या खुर्च्या असलेल्या रिकाम्या सभागृहाचं शोषण ३०० एकक धरा (एक एकक म्हणजे एक चौरस मीटर उघड्या खिडकीएवढं). बसलेला माणूस सुमारे ०.४५ एकक शोषतो. हाऊसफुल्ल असेल तर शोषण ८४०, आवाज विरतो १.१५ सेकंदात. चालून जातं, त्या काळच्या एका वाहिनीच्या आवाजाला ते शोभूनही दिसे. आता मंगळवारचा दुपारचा खेळ घ्या, दीडशे माणसं. शोषण ३६८, वेळ २.६ सेकंद. आजच्या ५.१ किंवा ७.१ वाहिन्यांच्या मिश्रणाला एवढ्या सभागृहात ०.८ च्या आसपास लागतं. २.६ सेकंदांत एका वाक्याचं शेपूट पुढच्या दोन वाक्यांवर लोळतं आणि मग 'हल्लीच्या नटांचे संवादच कळत नाहीत' अशी पत्रं वर्तमानपत्रांत येतात.

२.६ वरून ०.८ वर यायला आणखी ८४० एकक शोषण लागेल. ०.८ शोषणगुणांकाचं काचलोकरीचं अस्तर घेतलं तरी हजार चौरस मीटरच्या वर. बाजूच्या दोन्ही भिंती आणि मागची भिंत, वरपासून खालपर्यंत. म्हणजे ज्या कलाकुसरीच्या प्लास्टरसाठी तुम्ही गळा काढताय ते सगळं कापडाखाली. शिवाय हे काम बहुतेक ठिकाणी चुकतं. ५० मिलिमीटर जाडीची लोकर लाकडी पट्ट्यांवर ठोकून थेट भिंतीला चिकटवतात. समुद्रालगतची भिंत पावसाळ्यात ओल धरते, लोकर ती ओल अडवून ठेवते, पट्ट्यांना बुरशी येते, खिळ्यांच्या भोवतीचं प्लास्टर फुगतं आणि दोन-तीन पावसाळ्यांत पापुद्रे कापडाच्या आत जमा होऊन खालच्या बाजूला पोट येतं. भिंत आणि चौकट यांत २५ मिलिमीटरची मोकळी हवा, जस्ताचा मुलामा दिलेली चौकट आणि आधी छताच्या पन्हळींची दुरुस्ती, या क्रमाने केलं तरच ते टिकतं. पन्हळींसाठी मात्र कोणी पैसे मोजायला तयार नसतं, कारण त्यांचे फोटो छापून येत नाहीत.

पूर्ण गादीच्या, कापडी खुर्च्या घ्या, त्या रिकाम्याही माणसाएवढं शोषतात, असं कोणी म्हणेल. बरोबर आहे. पण त्या ५१ सेंटिमीटरच्या नसतात. परत पहिल्या हिशेबावर या.

आणि आता ज्या कारणाने मला ते वाक्य वाचून खरोखर संताप आला ते. प्रेक्षागृहाच्या बाहेर पडण्याच्या वाटा राष्ट्रीय बांधकाम संहितेप्रमाणे माणसांवर मोजतात: सपाट वाटेला माणशी साडेसहा मिलिमीटर, जिन्याला माणशी १० मिलिमीटर. बाल्कनीत ४५० माणसं असतील तर जिन्यांची एकूण रुंदी साडेचार मीटर. जुन्या थिएटरांचे दोन डौलदार जिने मिळून तेवढे भरतातच असं नाही, आणि तिसरा जिना काढायला तुम्हाला अभिमान वाटतो त्याच दर्शनी भागाला भोक पाडावं लागतं. १३ जून १९९७ ला दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात ५९ माणसं गेली, बहुतेक गुदमरून. ठिणगी तळमजल्यावरच्या ट्रान्सफॉर्मरची होती, पण माणसं अडकली बाल्कनीत, कारण तिथे जादा खुर्च्या बसवून उजवीकडची वाट बंद केलेली होती. खुर्च्याच तर बसवल्या होत्या. आज महाराष्ट्रात २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्यानुसार दर जानेवारी आणि जुलैत अग्निरोधक यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र द्यावं लागतं. पंप, हायड्रंट, धूर ओळखणारी यंत्रणा, बाहेर उघडणारी दारं. खुर्च्या कमी झाल्या की हे सगळं आवाक्यात येतं. वाढल्या की कागदावर राहतं.

वातानुकूलनाचं एकाच ओळीत: १२०० माणसांच्या अंगची उष्णता माणशी १०० वॅट धरली तर तेवढ्यापायीच ३४ टन. बाहेरची दमट हवा, दिवे आणि छत वेगळं. आणि एवढी यंत्रणा ४० माणसांच्या खेळालाही चालवावीच लागते.

स्लॅबही पाहा. १९३० च्या दशकातलं सिमेंट काँक्रीट, आत साध्या गुळगुळीत सळ्या, बाहेर खारी हवा. बाल्कनी अधांतरी पुढे आलेली. तिच्यावर पुन्हा ४५० माणसं बसवण्याआधी काँक्रीटचा गाभा काढून त्यावर फिनॉल्फ्थॅलीन फवारतात. जिथे गुलाबी होतं तिथला अल्कधर्म शाबूत, जिथे रंग येत नाही तिथलं काँक्रीट सळीला राखण्याच्या लायकीचं राहिलेलं नाही. मग सळीचं विद्युतविभव मोजतात. तांबे-तुतियाच्या इलेक्ट्रोडच्या तुलनेत ते उणे ३५० मिलिव्होल्टच्या पलीकडे गेलं तर गंज चालू असण्याची शक्यता ९० टक्क्यांच्या वर. बांधून टाकलेल्या खुर्च्यांच्या सभागृहाला चौरस मीटरला ४ किलोन्यूटन भार धरावा लागतो. परीक्षा नापास झाली की बाल्कनीला खालून लोखंडी आधार, म्हणजे खाली स्टॉलमध्ये खांब, म्हणजे प्रत्येक खांबामागे आणखी आंधळ्या खुर्च्या. वर लटकत्या प्लास्टरच्या छताचं वेगळंच. लंडनच्या अपोलो थिएटरचं छत डिसेंबर २०१३ मध्ये चालू प्रयोगात खाली आलं, कारण प्लास्टर धरून ठेवणारे गोणपाटाचे जुने बंध कुजले होते. सत्तरच्या वर माणसं जखमी झाली. खालून ते छत उत्तम दिसत होतं.

ऑपेरा हाऊसचा दाखला तुम्ही मोठ्या विजयी मुद्रेने दिला आहे. ते काम उत्तम झालं, त्याबद्दल दुमत नाही. १९९३ मध्ये बंद पडलेली वास्तू ऑक्टोबर २०१६ मध्ये उघडली, आभा नारायण लांबा यांनी ती सांभाळून उभी केली, युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक पुरस्कारही मिळाला. पण तिथे आसनं किती आहेत ते पाहिलंत का? ५७५. शिवाय ती मुळात रंगमंचाची वास्तू. बालगंधर्व आणि मास्टर दीनानाथ जिथे गायले तिथे आवाज थोडा रेंगाळलेलाच हवा असतो. सिनेमाला नेमकं उलटं लागतं. तिथे सिनेमे दाखवतात, महोत्सव होतात, पण वर्षाचे ३६५ दिवस रोजचे चार खेळ लावून वीजबिल भरायची जबाबदारी त्या वास्तूवर नाही. मालकी गोंडलच्या राजघराण्याची. तुमच्या ओळखीत आणखी एखादं राजघराणं असेल तर जरूर कळवा.

तुलनाच करायची तर धोबीतलावच्या मेट्रोशी करा. तेही १९३८ चंच. एमजीएमने बांधलेलं, न्यूयॉर्कच्या थॉमस लॅम्बने आखलेलं. २००६ मध्ये त्याचे सहा पडदे झाले. बाहेरचं तोंड राहिलं, पण मोठ्या सभागृहात शिरताना छाती थोडी फुगायची ती गेली. एरॉसमध्ये निदान पडदा एकच ठेवला. मला सहा खोक्यांपेक्षा एक मोठा पडदा बरा वाटतो. तुम्हाला वाटत नसेल तर ठीक आहे.

आता बाकीचं. दुकानांबद्दल: एरॉसच्या इमारतीत अगदी सुरुवातीपासून दुकानं आणि कचेऱ्या होत्या. भाड्यावर थिएटर तगवायची ती जुनीच रीत आहे. कामगारांबद्दल: २०१७ च्या जानेवारीत सील लागलं ते कशावरून, हे मला माहीत आहे, पण माझा लेख सभागृहाच्या कामावर होता, तो प्रश्न न्यायालयापुढचा होता, आणि प्रत्येक लेखात प्रत्येक गोष्ट येत नाही. पुढे त्यावर इथे चर्चा नको. स्टॉलमध्ये बसण्याबद्दल वर सांगितलंच आहे.

आणि हजार खुर्च्यांचाच सोस असेल तर १९३३ चं रीगल कुलाब्याला उभं आहे. तिकीट काढताना मुद्दाम बाल्कनीच्या खालची मागची रांग मागा, तीही रिकाम्या दुपारच्या खेळाची. पडद्याची वरची कड दिसते का पाहा, संवाद ऐका, आणि जमलंच तर टेप घेऊन जा आणि पुढच्या खुर्चीची पाठ तुमच्या गुडघ्यापासून किती सेंटिमीटरवर येते ते मोजा. तो आकडा प्रतिक्रियेत लिहा. मग त्यावर बोलू.